पिक्चरमध्ये गाजलेल्या बँडचं गाणं कसं निवडतात? कोल्हापुरातल्या एडिट टेबलावरून

राजारामपुरीतल्या आमच्या एडिटच्या खोलीत येणारी पोरं दोन गोष्टी घेऊन येतात. एक हार्ड डिस्क आणि दुसरं, शेवटाला लावायचं म्हणून शूटिंगच्या आधीच ठरलेलं एक गाणं. गाणं बहुतेक वेळा एखाद्या गाजलेल्या बँडचं असतं. "दादा, हेच लावायचं. परवानगीचं मागनं बघू."

मागनं बघितलं की काय होतं, ते मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. आता शॉर्टफिल्म किंवा पहिला मोठा पिक्चर करणाऱ्या कुणीही विचारलं की मी वहीतलं हे सगळं सांगत बसतो. एकदाच लिहून टाकलेलं बरं.

आधी एक खुलासा. कोल्हापुरात बँड म्हटलं की वरातीचा बँड डोळ्यांपुढं येतो: टोपी, झालरीचा कोट, ट्रम्पेट, क्लॅरिनेट. मी लिहितोय ते गिटार-ड्रमवाल्या बँडबद्दल, म्हणजे बीटल्स, क्वीन, लेड झेपलिन, आपल्याकडचं इंडियन ओशन. पण वरातीचा बँड लेखातून हद्दपार नाही. गाणं कुठं वाजवायचं याची जाण त्या मास्तरांना जेवढी असते तेवढी चांगल्या चांगल्या दिग्दर्शकांना नसते. वरात घरातून निघताना एक गाणं, चौकात पोरं थांबली की दुसरं, आणि मांडवाच्या दारात नवरदेव घोड्यावरून उतरताना 'बहारों फूल बरसाओ'. ते गाणं १९६६ सालच्या 'सूरज'मधलं, त्या नवरदेवाच्या वडिलांच्या लग्नातही वाजलेलं. मास्तर विचार करतो तो लोक आत्ता कुठं उभे आहेत याचा. स्वतःला काय आवडतं हा प्रश्न त्याच्या डोक्यातही येत नाही.

पहिली पायरी: गाणं बंद करा आणि प्रसंग बघा

पिक्चरचा कच्चा कट झाला की आवाजाचे सगळे ट्रॅक बंद करून सलग बघा. हातात वही आणि स्टॉपवॉच. कुठं संगीत सुरू व्हावं आणि कुठं थांबावं याची नोंद करायची. धंद्यात याला स्पॉटिंग म्हणतात. प्रत्येक नोंदीपुढं एकच प्रश्न लिहायचा: चित्रातून जे कळत नाही असं काय हे गाणं सांगणार आहे? उत्तर 'दुःख' असेल आणि पडद्यावर पोरगी आधीच रडत असेल, तर गाणं नको. दोनदा मीठ पडतं.

दुसरा प्रश्न, गाणं पडद्यावरच्या माणसांना ऐकू येतंय का? चहाच्या टपरीवरच्या रेडिओतून, रिक्षातून, मोबाइलमधून येत असेल तर ते त्यांच्या जगातलं. आवाज बारीक, फाटका, गल्लीतल्या गोंगाटात मिसळलेला ठेवता येतो. फक्त प्रेक्षकांसाठी असेल तर तो आवाज भरदार. हा फरक आधी ठरवला तर अर्धी यादी आपोआप गळते, कारण टपरीवरच्या रेडिओवर इंग्रजी रॉक बँड लागलेला कुणालाच पटत नाही. बिंदू चौकातल्या टपरीवर तर नाहीच.

दुसरी पायरी: गाण्यातला तुकडा शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. पिक्चरला अख्खं गाणं जवळपास कधीच लागत नाही. लागतो तो त्यातला तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा. बँड कितीही मोठा असो, निवड होते ती त्या तुकड्याची.

क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे १९७५ सालचं गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं आहे. त्यात संथ पियानो आहे, ऑपेरासारखा गोंधळ आहे आणि डोकं हलवायला लावणारी गिटार आहे. १९९२ च्या 'वेन्स वर्ल्ड'मध्ये गाडीतली पोरं त्यातला ऑपेराचा भाग गातात आणि गिटार सुरू झाली की माना झटकायला लागतात. पियानोवरचा तो सुप्रसिद्ध दुःखी भाग त्यांनी घेतलाच नाही. निर्मात्यांना वेगळ्या बँडचं गाणं हवं होतं, पण पिक्चरचा नायक-लेखक माइक मायर्स हटून बसला. त्या दृश्यानं सतरा वर्षांपूर्वीचं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पुन्हा वर, थेट दुसऱ्या क्रमांकावर नेलं.

'गुडफेलाज'मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीनं डेरेक अँड द डॉमिनोजचं 'लेला' वापरलं. गाणं सात मिनिटांहून मोठं आणि जगाला माहीत आहे ती त्याची सुरुवातीची गिटार. स्कॉर्सेसीनं ती सोडली आणि शेवटचा पियानो घेतला. एकामागून एक प्रेतं सापडताहेत आणि वर तो गोड, थकलेला पियानो. त्यानं ते संगीत सेटवर वाजवून कॅमेऱ्याच्या हालचाली त्याच्या लयीत बसवल्या. आपल्या गावाला ही पद्धत फार परकी नाही. प्रभातनं १९३२ साली इथं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला तेव्हा पार्श्वगायन अजून यायचं होतं, नट सेटवरच गायचे आणि वादकांना जवळच कुठंतरी लपून बसावं लागायचं.

आता आमच्या टेबलावरचं एक उदाहरण, अगदी सेकंदांसकट.

शॉर्टफिल्ममधला प्रसंग: रंकाळ्याचा कठडा, संध्याकाळ. वडील वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आता बँड सुटलाय. मुलगा उद्या पुण्याला नोकरीवर चाललाय. दृश्य १ मिनिट ५२ सेकंदांचं. पहिले ३५ सेकंद दोघांचं बोलणं, म्हणजे गॅसचं सिलिंडर, आईची गोळी, असलंच काहीतरी. मग वडील उठतात, "चल, थंडी वाजती," म्हणून चालायला लागतात. ७१ व्या सेकंदाला ते फ्रेमबाहेर जातात. कठड्यावर त्यांची बँडची टोपी राहिलेली. मुलगा ती बघतो, उचलतो, घालत नाही.

दिग्दर्शकाला वडील उठल्या उठल्या गाणं सुरू करायचं होतं. गाण्याला २२ सेकंदांची गिटारची सुरुवात, मग गायक. हिशोब मांडला तर गायकाचा आवाज नेमका वडिलांच्या पाठीवर येत होता आणि मुलानं टोपी उचलली की शब्दांत 'घर' येत होतं. म्हणजे टोपी दाखवायची, वर घर म्हणायचं आणि शिवाय मुलगा रडणार. तिन्ही एकदम.

मग आम्ही गाणं शेवटाकडनं ऐकायला घेतलं. दुसऱ्या अंतऱ्यानंतर एक जागा होती. ड्रम थांबतात, एकच गिटार राहते आणि हळूहळू बाकीची वाद्यं परत येतात. शब्द नाहीत. लय मिनिटाला ९४ ठोक्यांची, चार-चार ठोक्यांची सोळा आवर्तनं, म्हणजे साधारण ४१ सेकंद. ७१ अधिक ४१, बरोबर ११२, म्हणजे आमचं १ मिनिट ५२. मोकळ्या कठड्यावर एकटी गिटार सुरू झाली आणि टोपी उचलताना ड्रम परतले. खोलीत कुणी काही बोललं नाही. दिग्दर्शक उठून चहा सांगायला गेला.

तुम्हीही असंच करा. गाणं एडिटच्या टाइमलाइनवर टाका आणि त्याचे तुकडे पाडा: सुरुवात, मुखडा, मधलं संगीत, अंतरा, शेवट. प्रत्येक तुकडा प्रसंगावर सरकवून बघा. सुरुवात सोडून बाकी सगळं आधी ऐका, कारण सुरुवातीवर सगळ्यांचाच जीव जडलेला असतो.

शब्दांबद्दल थोडक्यात. संवाद चालू असताना गायकाचा आवाज नको. दोन माणसं एकदम बोलली की प्रेक्षक दोघांचंही ऐकत नाही. आणि शब्दांनी पडद्यावर दिसतंय तेच सांगू नये. अपवाद एकच, थट्टा किंवा थेट मस्ती करायची असेल तर. लेड झेपलिनचं 'इमिग्रंट साँग' उत्तरेकडच्या दर्यावर्दी लढवय्यांबद्दल आहे आणि त्यात देवांच्या हातोड्याचा उल्लेख आहे. 'थॉर: रॅग्नारॉक'मध्ये (२०१७) ते हातोडेवाल्या देवाच्याच मारामारीवर वाजतं. इतकं उघड जुळतं की गंमत वाटते, आणि त्यांना गंमतच हवी होती.

तिसरी पायरी: प्रसिद्धीचं वजन करा

गाजलेलं गाणं थिएटरात रिकाम्या हातानं येत नाही. प्रेक्षकाचं कॉलेज, त्याचं ब्रेकअप, त्याचा मित्र हे सगळे सोबत येऊन बसतात. कधी याचा फायदा होतो. दोन सेकंदांत काळ उभा राहतो. पण बऱ्याचदा प्रेक्षक तुमच्या पात्राला सोडून स्वतःच्या आठवणीत निघून जातो.

त्यात गाणं आधी दुसऱ्या पिक्चरनं गाजवलेलं असेल तर आणखी पंचाईत. रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर' स्कॉर्सेसीनं 'गुडफेलाज' (१९९०), 'कसिनो' (१९९५) आणि 'द डिपार्टेड' (२००६) अशा तीन पिक्चरांत वापरलं. आता कुणी गुंडाच्या प्रसंगावर ते लावलं तर लोकांना स्कॉर्सेसीच आठवणार.

म्हणून यादी करताना बँडची पहिली पाच हिट गाणी बाजूला ठेवा. त्याच अल्बमचं सातवं-आठवं गाणं ऐका. बँडचा आवाज तोच, ओळख तीच, पण प्रेक्षकाच्या आठवणी कमी. आणि मालकही त्याचा भाव थोडा खाली धरतो, निदान माझा अनुभव तसा.

माझी एक घरगुती चाचणी आहे. खोलीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला प्रसंग दाखवायचा. आमच्याकडं ते मालक, म्हणजे घरमालक. गाणं सुरू झाल्यावर ते "हे कुठलं गाणं?" म्हणाले तर गाणं नापास. "पोरगं गेलं का मग पुण्याला?" म्हणाले तर पास.

चौथी पायरी: टेम्प ट्रॅकच्या प्रेमात पडू नका

एडिट करताना तात्पुरतं म्हणून लावलेलं संगीत म्हणजे टेम्प ट्रॅक. लावावाच लागतो, त्याशिवाय लय सापडत नाही. पण महिनाभर तोच ऐकला की दुसरं काहीही बेसूर वाटायला लागतं.

कधी हे प्रेम फळतं. 'द ग्रॅज्युएट' (१९६७) करताना माइक निकोल्सनं सायमन अँड गारफंकलची आधीच आलेली गाणी एडिटमध्ये टेम्प म्हणून लावली होती. तीच शेवटी पिक्चरमध्ये राहिली. पण त्याच्या हाताशी स्टुडिओ होता. 'आय ॲम सॅम'च्या (२००१) वेळी बीटल्सची मूळ ध्वनिमुद्रणं मिळाली नाहीत. प्रसंग मूळ गाण्यांवर बांधलेले, म्हणून दुसऱ्या गायकांकडून तीच गाणी त्याच लयीत पुन्हा गाऊन घ्यावी लागली. लय बदलली असती तर कट मोडले असते.

यातून मी एक सवय लावून घेतली. टेम्प ट्रॅकची लय, सुरू होण्याचा आणि संपण्याचा सेकंद वहीत लिहून ठेवतो आणि आठवडाभरानं तो काढून दुसरा लावतो. प्रसंग दोन्हींवर उभा राहिला तर प्रसंगात दम आहे. एकाच गाण्यावर उभा राहत असेल तर कटमध्ये काहीतरी कच्चं आहे.

पाचवी पायरी: दोन दारं ठोठावा

माझा खिसा कापला गेला तो इथं.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरं ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत जे टिपलं गेलं ते. रचना पिक्चरला जोडायची परवानगी म्हणजे सिंक लायसन्स, ते पब्लिशरकडून, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडून मिळतं. ध्वनिमुद्रणाची परवानगी म्हणजे मास्टर लायसन्स, ते सहसा लेबलकडून, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडून मिळतं. दोन्ही हवीत. एक असून उपयोग नाही.

काही वर्षांपूर्वी एका शॉर्टफिल्मसाठी मी बँडमधल्या संगीतकाराला फोन केला. माणूस इतका भला की, "वापरा हो, पोरांचं काम आहे," म्हणून मोकळा झाला. आम्ही वापरलं. फिल्म ऑनलाइन टाकली आणि दुसऱ्या दिवशी ती बंद. मुद्रण लेबलच्या मालकीचं होतं, संगीतकाराला ते द्यायचा अधिकारच नव्हता. एका महोत्सवानंही कागद मागितले, आमच्याकडं होता फक्त कॉल लॉग. शेवटचा सीन नव्या संगीतावर पुन्हा कापावा लागला, पुन्हा मिक्सिंग, पुन्हा पैसे.

हक्क कुठून कुठं फिरतात हे बघायचं असेल तर बीटल्सचा प्रवास बघा. लेनन-मॅकार्टनी यांच्या गाण्यांसाठी १९६३ मध्ये नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी निघाली. १९६९ मध्ये ती एटीव्ही या ब्रिटिश कंपनीकडं गेली. १९८५ मध्ये मायकल जॅक्सननं एटीव्हीचा तो संग्रह ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतला, १९९५ मध्ये सोनीबरोबर भागीदारी केली आणि २०१६ मध्ये सोनीनं जॅक्सनच्या वारसांचा अर्धा वाटा ७५ कोटी डॉलरना घेतला. ध्वनिमुद्रणं वेगळीच, ती ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडून २०१२ मध्ये युनिव्हर्सलकडं आली. शिवाय 'समथिंग' आणि 'हिअर कम्स द सन' ही जॉर्ज हॅरिसनची गाणी, त्यांचं दार तिसरंच. एकाच बँडची दोन गाणी हवी असतील तरी पत्ते वेगळे असू शकतात. म्हणून 'बँड कुणाचा' हे विचारून भागत नाही. 'हे गाणं लिहिलं कुणी आणि हे मुद्रण कुणाचं' असं विचारा.

हिंदी-मराठी चित्रपटगीतांत बऱ्याचदा दोन्ही हक्क एकाच कंपनीकडं गेलेले असतात, म्हणजे दार एक. स्वतंत्र बँडचं तसं नसतं. काहींनी मुद्रण स्वतःकडं ठेवलंय, काहींनी पहिला अल्बम लेबलला देऊन टाकलाय आणि दुसरा स्वतः काढलाय. अल्बमच्या मागं बारीक अक्षरांत गोल वर्तुळातलं सी आणि पी असतं. सी-पुढचं नाव रचनेचं किंवा छापील मजकुराचं, पी-पुढचं ध्वनिमुद्रणाचं. चौकशी पी-पासून सुरू करा, लवकर उत्तर मिळतं.

आता आपल्याकडच्या काही समजुती. एकेक करून मोडतो.

'तीस सेकंदांपर्यंत फुकट.' असा नियम १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कुठंही नाही. चार सेकंद वापरलं तरी वापरलंच.

'क्रेडिट दिलं की झालं.' नाव देणं हे सौजन्य. परवानगी वेगळी.

'वरातीत तर कुणी विचारत नाही.' बरोबर, कारण कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातल्या वादनाला सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले कार्यक्रम त्यात स्पष्टपणे धरले आहेत. पण ती सूट वरातीला. तुम्ही महाद्वार रोडवर खोटी वरात उभी करून बँडकडून 'बहारों फूल बरसाओ' वाजवून घेतलंत आणि ते पिक्चरमध्ये घातलंत, तर रचनेची परवानगी लागणार. मुद्रणाची लागणार नाही, कारण वाजवलं तुमच्या बँडनं.

'मागं टपरीवर चुकून वाजत होतं.' भिंतीवरचं चित्र किंवा चौकातला पुतळा फ्रेममध्ये आला तर कायदा सांभाळून घेतो, पण ती सवलत कलाकृतींना आहे. गाण्याला तशी सवलत नाही. म्हणून शूटिंगच्या वेळी टपरीवाल्याला आधी रेडिओ बंद करायला सांगा आणि वर एक चहा जास्तीचा घ्या.

'गाणं जुनं आहे, हक्क संपले.' ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा. १९६४ साली इथं निघालेल्या तबकडीचा हक्क २०२४ च्या शेवटाला संपला. पण रचनेचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी तिच्यावरची चाल बांधलेलीच असू शकते.

'हॉलचा परवाना आहे की.' तो कार्यक्रमात गाणं वाजवायचा. पिक्चरला गाणं जोडायचं काम त्यानं होत नाही.

सहावी पायरी: पत्र

शूटिंगच्या आधीच पाठवा. उत्तराला दोन-तीन महिने धरून चला. मोठ्या बँडच्या बाबतीत बँडचे लोक किंवा त्यांचे वारस स्वतः प्रसंग वाचून होकार-नकार देतात. 'मॅड मेन' या मालिकेनं २०१२ मध्ये बीटल्सचं 'टुमॉरो नेव्हर नोज' वापरलं तेव्हा सुमारे अडीच लाख डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिच्या कर्त्यानं, मॅथ्यू वायनरनं, कथानक आणि संहितेची पानंसुद्धा दाखवली, जे तो एरवी कुणाला दाखवत नसे. कारण मालकाला एकच भीती असते: आमचं गाणं कशावर वाजणार?

लेड झेपलिन तर नकारासाठी प्रसिद्ध. 'स्कूल ऑफ रॉक'च्या (२००३) वेळी 'इमिग्रंट साँग' मिळावं म्हणून पिक्चरचा नायक जॅक ब्लॅकनं रंगमंचावर उभं राहून, समोरच्या प्रेक्षकांना सोबत ओरडायला लावून विनवणीचा व्हिडिओ केला. गाणं मिळालं. तुमच्याकडं जॅक ब्लॅक नाही, पण गंमत कळली असेल. त्यानं भावनेच्या भरात पानं खरडली नाहीत, पिक्चरचा स्वभाव दाखवला.

पत्रात काय हवं ते एका नमुन्यातच बघा:

"आम्ही २२ मिनिटांची मराठी शॉर्टफिल्म करत आहोत. तुमच्या अमुक गाण्यातला २ मिनिटं ४० सेकंदांपासूनचा ४१ सेकंदांचा तुकडा एकदाच वापरायचा आहे. प्रसंग असा: वरातीच्या बँडमधून सुटलेला क्लॅरिनेटवादक आणि त्याचा मुलगा, तळ्याकाठचा निरोप. प्रसंगात हिंसा, दारू, राजकीय मजकूर नाही. गाण्यावर संवाद नाही. परवानगी हवी ती दोन वर्षांसाठी, जगभरच्या चित्रपट महोत्सवांपुरती. पुढं ऑनलाइन प्रदर्शन झाल्यास त्याचा दर आत्ताच कळवावा. एकूण बजेट अमुक, त्यातलं संगीतासाठी अमुक. सोबत प्रसंगाची दोन पानं आणि कच्च्या कटची लिंक."

बजेट खरं लिहा. लपवलं की समोरचा मोठा आकडा सांगतो आणि बोलणं तिथंच संपतं. दोन्ही दारांना एकाच दिवशी पत्र पाठवा आणि दोघांनाही सांगा की दुसऱ्याला जेवढं देऊ तेवढंच तुम्हाला. ही रीत या धंद्यात सर्रास चालते आणि नाही चालली तर शेवटी उरलेला माणूस तुमची मान धरतो.

होकार लेखी घ्या. मुदत आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर आपल्या कायद्यात मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत असं धरलं जातं. तुमची फिल्म लंडनच्या महोत्सवात निवडली गेली तर त्या कागदाचा उपयोग शून्य.

सातवी पायरी: नाही आलं तर

नकार येईल असं धरूनच यादी तीन नावांची करा. पहिलं गाणं स्वप्नातलं, दुसरं मिळण्यासारखं, तिसरं आपल्या हातातलं.

दुसऱ्यासाठी एक वाट म्हणजे गाणं पुन्हा गाऊन घेणं. मग फक्त पब्लिशरची परवानगी लागते, लेबलचं दार टळतं. 'अक्रॉस द युनिव्हर्स' (२००७) आणि 'यस्टरडे' (२०१९) हे बीटल्सच्या गाण्यांवर उभे पिक्चर. दोन्हींत ती गाणी बहुतेक नटांनीच गायली आहेत. पण पाच वर्षांनंतर कुणाच्याही गाण्याचं कव्हर काढता येतं असं ऐकून उडी मारू नका. कायद्यातली ती वाट ध्वनिमुद्रणासाठी आहे, पिक्चरसाठी नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते. गाण्याऐवजी बँडलाच बोलवा. 'ब्लॅक फ्रायडे'साठी अनुराग कश्यपनं इंडियन ओशनकडून जुनं गाणं मागितलं नाही, संगीतच करून घेतलं. आपल्या बजेटमध्ये इंडियन ओशन बसणार नाही, पण शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात वाजवणारी, शनिवारी कुणाच्या तरी गच्चीवर तालीम करणारी पोरं बसतील. त्यांना टेम्प ट्रॅक ऐकवू नका, नाहीतर ती त्याचीच नक्कल करतील आणि चालीच्या चोरीचा नवा ताप मागं लागेल. त्यांना फक्त आकडे द्या: लय ९४, सोळा आवर्तनं, आठव्या आवर्तनापर्यंत एकच वाद्य, मग बाकीचे. करार त्यांच्याशीही लेखी, मुदत आणि प्रदेशासकट. मित्र असले तरी.

कटमध्ये गाणं बसलं की क्यू शीट भरा: गाण्याचं नाव, रचनाकार, मुद्रणाचा मालक, कुठल्या सेकंदाला सुरू, कुठं बंद, संवादाखाली की मोकळं. महोत्सवाला, चॅनलला, ओटीटीला सगळ्यांना लागते. शेवटचं मिक्स हेडफोनवर पास करू नका. मोठ्या स्पीकरवर ऐका आणि मग मोबाइलवर ऐका, कारण बघणारे निम्मे लोक तिथंच बघणार.

रंकाळ्याच्या त्या प्रसंगाचं काय झालं? पहिल्या बँडच्या लेबलनं उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यानं आकडा सांगितला, तो आमच्या अख्ख्या फिल्मच्या बजेटपेक्षा मोठा. मग गच्चीवरच्या एका पोरानं त्या मोजमापात चाल बांधली आणि ती वाजवायला आम्ही मंगळवार पेठेतल्या एका बँडच्या क्लॅरिनेटवाल्या मास्तरांना स्टुडिओत बोलावलं. मास्तर काय समजून आले कोण जाणे, पण झालरीचा कोट, टोपी, चकचकीत बूट, सगळं घालून आले. माइकसमोर बसले.

"कुठनं सुरू करू?"

"मास्तर, मुखडा नको. मधला तुकडा."

"आणि किती?"

"एक्केचाळीस सेकंद."

मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली, कोटाची वरची दोन बटणं सोडली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "फोनवर सांगितलं असतं तर बनियनवर आलो असतो की."

पहिल्याच टेकमध्ये दिलं. एक्केचाळीस पूर्णांक दोन.